एअरगनने उंदीर, पोपट, डुक्कर आवरतील का? आलेल्या प्रश्नांची उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, हंगाम निसवणीला आला की एकाच विषयावरचे प्रश्न सुरू होतात. या वेळचे चार प्रश्न असे. पहिला: 'दुकानदार म्हणतो एअरगनला परवाना लागत नाही, मग ज्वारीवरचे पोपट मारले तर बिघडलं कुठे?' दुसरा: 'बांधावर ससे, तितर फार झालेत, एखाद-दुसरा मारून खाल्ला तर चालेल का?' तिसरा: 'डुकरांसाठी कोणती एअरगन घ्यावी?' चौथा: 'उंदरांनी उसाचं आणि भुईमुगाचं वाटोळं केलंय, रात्री बॅटरी लावून छर्र्याने मारले तर?'

दुकानदार बोलला ते अर्धं खरं आहे. ०.१७७ इंची म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअरगन बाळगायला शस्त्र परवाना लागत नाही. नळी त्याहून मोठी असेल, उदाहरणार्थ ०.२२ इंची, किंवा ताकद २० जूलच्या वर असेल, तर परवाना हवाच. पण हा झाला शस्त्रांचा कायदा. बंदूक घरात ठेवता येते, एवढंच तो सांगतो. तिने काय मारायचं ते ठरवतो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. गोंधळ होतो तो इथेच.

या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. जखमी करणं, फास लावणं, विष घालणं, पकडणं, यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, इतकंच काय, पाखरांची अंडी किंवा घरटं मोडणं हेही शिकारीत मोडतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडतोच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मोरासारख्या अनुसूची एकमधल्या, म्हणजे कायद्याच्या सर्वात कडक संरक्षणाच्या यादीतल्या जीवाला मारलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड. आपला नेहमीचा हिरवा पोपट, ससा, तितर, लावा हे सगळे संरक्षित आहेत. 'कावळा, वटवाघूळ मारायला मुभा आहे' असं जुनी माणसं सांगतात, ते पूर्वीच्या अनुसूची पाचच्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीच्या आधारावर. ती अनुसूची या दुरुस्तीत गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकार ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीची अधिसूचना काढतं. तेव्हा ऐकीव माहितीवर चाप ओढू नका. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. खाण्यासाठी नाही, हौसेसाठी नाही, बांध स्वतःचा असला तरी नाही.

आता पोपट. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हे काम एअरगनचं नाही. थवा येतो, एक छर्रा सुटतो, एक पाखरू पडतं किंवा जखमी होऊन उडतं, बाकीचे शेजारच्या वावरात जाऊन अर्ध्या तासात परत येतात. ज्वारी चिकात असते तेव्हापासून हुरडा संपून दाणा टणक होईपर्यंतचे दिवस तेवढे राखायचे असतात. पाखरांचा जोर उजाडल्यावर दोन-तीन तास आणि दिवस मावळण्याआधी असतो. म्हणून अख्खा दिवस माणूस अडकवून ठेवू नका, या दोन वेळा सांभाळा. चमकदार फीत पिकाच्या थोडी वर, पीळ देऊन, वाऱ्याच्या आडवी बांधा, म्हणजे ती लकाकते आणि फडफडते. दोन फितींत साधारण पाच मीटर अंतर ठेवा. ती दाणा भरू लागताच बांधायची, महिनाभर आधी नाही, कारण पाखरं सरावतात. बुजगावण्याचंही तेच, जागा आणि कपडे बदलत राहिलात तरच ते उपयोगाचं. माळ्यावरून गोफण फिरवून नुसता आवाज काढणारा राखणदार आजही कुठल्याही बंदुकीपेक्षा सरस आहे. डाळिंब, द्राक्षासारख्या बागेला मात्र जाळीच टाका. खर्च होतो, पण बाकीचे उपाय तिथे अपुरे पडतात. आणखी एक. छर्र्याच्या भीतीने पोपटाबरोबर साळुंकी, कोतवाल, गायबगळेही वावर सोडतात, आणि घाटेअळी, नाकतोडे वेचणारी पाखरं हीच.

डुकरांसाठी एअरगन घेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, ताकद जास्तीत जास्त २० जूल. बारा बोरच्या काडतुसाची ताकद दोन हजार जूलच्या वर असते. एअरगनने डुक्कर मरत नाही, चवताळतं, आणि जखमी डुक्कर पुढच्या सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर धावून येतं. यात मला सगळ्यात काळजी वाटते ती मजुरांची आणि बायाबापड्यांची, कारण जखमी जनावर उसात दडून आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरांबाबत कायद्यात वाट आहे, पण ती वन विभागाच्या लेखी परवानगीतून जाते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा, कागद हातात येईपर्यंत काही करू नका. नुकसान दिसताच फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत भरपाईचा अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक आवरू नका. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. कुंपण करायचं तर सौर ऊर्जेवरचं, थांबून थांबून झटका देणारं यंत्र लावा. तारेत थेट घरातली वीज सोडणं म्हणजे माणूस मारायची तयारी. तो वेगळा आणि फार मोठा गुन्हा आहे.

उरले उंदीर. इथे मारू नका असं मी म्हणणार नाही, फक्त छर्र्याने ते आटोक्यात येणार नाहीत असं सांगेन. रात्रभर जागून चार-सहा मारले तर समाधान मिळतं, पण मादी साधारण तीन आठवड्यांत वितेच आणि बिळातली पिल्लावळ तुम्हाला दिसतही नाही. जो दिसतो त्याच्यामागे माणूस लागतो आणि नुकसान करणारे खाली राहतात. उंदरांचं काम बिळापासूनच सुरू करायला हवं.

संध्याकाळी बांधावरची आणि वावरातली सगळी बिळं मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं, औषध फक्त त्यांनाच. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर आधी दोन दिवस नुसतं तेल लावलेलं भरड धान्य बिळापाशी ठेवून उंदरांना चव लावा. मग ९६ भाग भरड, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड असं आमिष, कागदाच्या पुडीत साधारण १० ग्रॅम, संध्याकाळी बिळाच्या आत सरकवा. हे मिश्रण जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. हातमोजे आणि काठी वापरायची, उघड्या हाताने नाही, ओलाव्यात नाही, बंद खोलीत तर अजिबात नाही. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि या विषावर उतारा नाही. सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उरलेलं आमिषही पुरा.

हे औषध लगेच दुसऱ्यांदा टाकू नका. वाचलेले उंदीर त्याला ओळखतात आणि तोंड लावत नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी आठवड्याने ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्क्याची तयार वडी चालू बिळात ठेवा. तिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे 'औषध खोटं निघालं' म्हणून दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊ नका. चुकून कोणी खाल्लं तर वेष्टनासकट दवाखान्यात न्या. यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, उंदरांना खायला कमी असतं, तेव्हा ते आमिषाला पटकन येतात. पीक दाण्यावर आल्यावर त्यांच्यापुढे ताट वाढलेलंच असतं, पुडीला कोण विचारतो? आणि हे एकट्याने करून भागत नाही. तुमचं वावर साफ झालं की शेजाऱ्याचे उंदीर आठ-पंधरा दिवसांत येऊन बिळं धरतात. शिवारभर एकाच आठवड्यात मोहीम घ्या. बांध रुंद आणि गवताळ ठेवलेत तर बिळांना जागा मिळते, ते खुरपून अरुंद करा. गव्हाणी घुबड दिसलं तर अपशकुन म्हणून हाकलू नका, रात्री बसायला उंच खांब द्या, त्याचं मुख्य खाणं उंदीरच. पण त्याच्यासाठी खांब रोवायचे आणि त्याच रानात विषाने मेलेले उंदीर उघडे टाकायचे, हे जमत नाही. छर्र्याने मारलेल्यांचंही तसंच आहे. छर्रा बहुतेक वेळा शिशाचा असतो, आणि असा उंदीर खाल्लेल्या घुबडाला किंवा घारीला शिशाची बाधा होते.

गोदामातल्या पारव्यांबद्दलही एकाने विचारलंय. पत्र्याखाली छर्रा मारला तर पत्र्याला भोक पडतं किंवा तो छताच्या लोखंडी कैचीवर आपटून उलटा येतो. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट जाळीने बंद करा, सांडलेलं धान्य रोज झाडा.

ज्यांच्या घरी एअरगन आधीच आहे त्यांनी तिला खेळणं समजू नये. छर्रा जवळून डोळ्यात गेला तर डोळा जातो, कवटीतही शिरू शकतो. नेमबाजीचा सराव करायचा तर मागे मातीचा उंच ढीग हवा. दगड, विहिरीचा कठडा, पाइपलाइन यांच्या दिशेने नको, आणि झाडावर वरच्या दिशेने तर कधीच नको. उभ्या पिकात माणूस वाकून काम करत असेल तर तो दिसत नाही. छर्रा मारून कुत्र्यांना, गुरांना ठार किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदूक रिकामी करून कुलपात, छर्रे वेगळ्या ठिकाणी, आणि छर्रे हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवा.