खान्देशात उन्हाळ्याच्या सुरुवातीला टॉपवॉटरसाठी कोणत्या रंगाचा ल्यूअर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बास माशाच्या टॉपवॉटर मासेमारीचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या ल्यूअरने (नकली आमिषाने) मासे धरण्याचे, अमेरिकन व्हिडिओ पाहून तीन पॉपर (ओढले की तोंडाने पाणी उडवणारे ल्यूअर) आणि एक रबरी बेडूक घेतला. तीन रविवार धरणावर गेलात, मासा दणकून उसळला, पण एकही लागला नाही. म्हणून आता रंग बदलायचा विचार आहे.

रंग बदलू नका. एक काळा आणि एक पांढऱ्या पोटाचा, एवढे दोन बेडूक पुरतात. मासा खालून बघतो, उजेडासमोर त्याला आकार दिसतो. उसळला म्हणजे त्याला रंग पटला. उसळूनही लागत नसेल तर चूक गरीत आहे, दोरीत आहे किंवा हातात. बहुतेक वेळा हातातच.

बास आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेतला मासा. तिकडे वसंतात अंडी घालून झाली की उथळ पाण्यात फिरतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यावरच्या ल्यूअरला धावतो. वाघूर, गिरणा, हतनूर धरणांच्या फुगवट्यात तुमच्या बेडकावर उसळते ती मरळ, आणि ती वर येते त्याचं कारण वेगळं आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. बाकीचे मासे सुस्तावतात. मरळ मात्र तोंड वर काढून हवा घेते, त्यामुळे 43-44 अंशांच्या उन्हातही जलपर्णीच्या सावलीत तयारीत बसलेली असते. सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उघड्या पाण्याच्या कडेला टाका. दुपारी टाकायचंच असेल तर दाट जलपर्णीच्या मधल्या भोकांवर.

पॉपर आता ठेवून द्या. कालव्याची आवर्तनं सुटून धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळी वर येतात, आणि पॉपरची तिकाटी गरी पहिल्याच फेकीत त्यांत अडकते. पोकळ बेडकाची दुहेरी गरी पाठीला चिकटून असते, म्हणून तो काट्याकुट्यांतून, शेवाळावरून सरकत येतो. साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर लांबीचा, 10 ते 14 ग्रॅमचा घ्या. दुकानातच अंगठ्याने पोट दाबून बघा. हलक्या दाबाला गरीची दोन्ही टोकं बाहेर आली पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर तो बेडूक परत ठेवा.

घरी आणल्यावर तीन कामं. पक्कडीने दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उघडा. त्याहून जास्त उघडली तर शेवाळ ओढून आणतील. रबरी पाय फार लांब असतात, ते चार-पाच सेंटिमीटरवर कापा आणि एक पाय अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवा, म्हणजे बेडूक डावी-उजवी मान टाकत चालतो. आणि दर पाच-सहा फेकींनंतर पोट दाबून आत शिरलेलं पाणी काढायचं, ही सवय लावून घ्या. पाणी भरलेला बेडूक शेपटीकडून बुडतो आणि दाबलाही जात नाही.

दोरी 40 ते 50 पौंडी ब्रेड (विणलेली, न ताणणारी दोरी), सरळ बेडकाला पालोमार गाठीने (दोरी दुहेरी करून मारायची गाठ). नायलॉन ताणतं. वीस मीटरवरून दिलेला हिसका त्या ताणातच जिरतो, आणि मरळीचा जबडा हाडाचा आहे. फ्लुरोकार्बनची दोरी तर अजिबात नको, ते पाण्यात बुडतं आणि बेडकाचं नाक खाली ओढतं. रॉड साडेसहा-सात फुटी, ताकदीला मीडियम-हेवीच्या खाली नको. ड्रॅग (मासा ओढू लागला की रीलमधून दोरी सुटू देणारा ब्रेक) जवळजवळ पूर्ण आवळलेला.

आता हाताची गोष्ट. आमच्यासोबत एक दादा येतात. मासा उसळताच ते रॉड खांद्यामागे ओढतात आणि हुकला की गरीला दोष देतात. मोठी गरी, वेगळी कंपनी, वेगळा रंग, सगळं करून झालं. गेल्या मे महिन्यात एका सकाळी त्यांच्या बेडकावर सात उसळ्या झाल्या, सातही फुकट. मी तो बेडूक हातात घेऊन बघितला. पाठीवर आडवी, बारीक दातांची रांग होती, दोन्ही बाजूंना सारखी, पण गरीची टोकं अजून रबरात झाकलेली. म्हणजे मासळीने बेडूक पूर्ण तोंडात घेतला होता, जबडा मिटलेला होता, आणि मासा फिरायच्या आतच दादांनी बेडूक ओढून काढला. मिटलेल्या जबड्यात गरी जागची हलत नाही, बेडूक नुसता निसटतो. तरी ते आजही गरीच म्हणतात. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तुम्हीही आपला बेडूक तपासा. खुणा फक्त पायांवर असतील तर पाय लांब आहेत किंवा तुम्ही जोरात ओढताय. खुणा पाठीवर असतील तर घाई होतेय. एकही खूण नसेल तर मासळीने नुसता धक्का दिला, त्याच जागी पुन्हा टाका.

टाकायचा तो भोकाच्या पलीकडे दीड-दोन मीटर. रॉडचं टोक खाली, दोरी किंचित सैल, मनगटाने पाच-सात सेंटिमीटरचे झटके. भोकात आला की पाच सेकंद तसाच राहू द्या. जलपर्णी खालून फुगत पाठीमागे येताना दिसली तरी वेग बदलू नका. मासा उसळला की ओढायचं नाही. रॉडचं टोक पाण्याकडे न्यायचं आणि एकदाच म्हणायचं, 'थांब रे भो'. तेवढ्यात सैल दोरी गुंडाळून घ्यायची. दोरी एका बाजूला सरकू लागली किंवा वजन हाताला लागलं की मग दोन्ही हातांनी वर हिसका, आणि लगेच गुंडाळायला सुरुवात. थांबलात तर ती जलपर्णीच्या मुळांत शिरून दोरी गुंतवते. तीन-चार सेकंदांवर वाट बघितली तर थुंकून टाकते, हेही खरं. एका 'थांब रे भो'इतकाच वेळ.

हवा घ्यायला वर आलेली मरळ दिसली तर त्या वर्तुळावर टाकू नका. बुडबुडे कोणत्या दिशेला जाताहेत ते बघा आणि दोन मीटर पुढे टाका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपल्या धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, आधी त्यांना विचारा. त्यांच्या जाळ्याच्या जवळपास टाकू नका. उतरलेल्या पाण्याकाठी वरून तडकलेला, वाळलेला दिसणारा गाळ आत मांडीपर्यंत मऊ असतो. काठीने टोचून मगच पाय टाका, आणि बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात, म्हणून बूट घाला. गरी काढायला आठ इंची पक्कड आणि ओठ धरायचा चिमटा हवाच, दातांत बोट घालू नका.

मे संपता संपता किंवा पहिल्या पावसानंतर पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा दिसेल. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्यावर बेडूक टाकला की हमखास चावतात. दादांशी माझं दुसरं भांडण याचंच आहे. ती भूक नसते, ती पिल्लांची राखण असते. मोठी मरळ काढली की उघडी पडलेली पिल्लं बाकीचे मासे खातात. तो गोळा दिसला की बेडूक गुंडाळून दुसऱ्या काठाला जा.