बोटीच्या ट्रेलरच्या लाइट सारख्या बंद पडतात. एलईडी बसवल्या तर प्रश्न सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की सोळा फुटी फायबर बोट आहे, ट्रेलर बाहेरून आणलेला सेकंडहँड आहे, नेरुळच्या बाजूला खाडीत उतरवता आणि दर थोड्या दिवसांनी मागच्या लाइट जातात. बल्ब बदलून झाले, होल्डर बदलून झाले. पण तुमच्या प्रश्नातली खरी कामाची ओळ शेवटची आहे: 'ब्रेक मारला की टेल लाइट मंद होते, आणि इंडिकेटर दिला की टेल लाइटही त्याच्याबरोबर लुकलुकते.' ही सरळसरळ अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या तारेची तक्रार आहे. महागातल्या एलईडी आणल्यात तरी ती तशीच राहील. आधी तारेवर खर्च करा, दिव्यावर नंतर.

माझं ठाण्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. रिक्षा, टेम्पो, कार रोजच्याच. बोटीचे ट्रेलर येतात ते हौशी गळवाल्यांचे, आणि तेही बहुतेक जून-जुलैत, मासेमारी बंद असते आणि बोट पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून असते तेव्हा.

लुकलुकण्याचं कारण असं. मागच्या दिव्यात 21/5 वॅटचा बल्ब असतो: एकाच काचेत दोन फिलामेंट, 21 वॅटची ब्रेकला, 5 वॅटची टेलला, आणि दोघींची अर्थ एकच, बल्बच्या पितळी टोपीतून. शेजारच्या इंडिकेटरची अर्थही पुढे त्याच तारेला मिळालेली असते. ती तार कुठे तरी सडली की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा घुसून तिकडच्या वायरने गाडीकडे परत जायला बघतो. वाट लांबची, अडथळ्यांची, म्हणून उजेड मंद आणि नको तो दिवा लागतो.

खात्री करायला फार काही लागत नाही. जाडसर तारेचा लांब तुकडा घ्या. एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थला. लाइट लख्ख लागल्या तर चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि दिव्याची अर्थ ते बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब आहे. मात्र नुसत्या मीटरवर करंट 'येतोय' हे बघून समाधान मानू नका. वायरीतली एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि 21 वॅटचा बल्ब लावला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून आम्ही लोक टेस्टिंगला मीटरपेक्षा होल्डरसकट बल्बच जास्त वापरतो.

बहुतेक ट्रेलरना अर्थ चॅसिसमधून घेतलेली असते आणि पुढे ती टोइंग बॉलमधून (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) गाडीत जाते असं गृहीत धरलेलं असतं. बॉलवर ग्रीस, त्यावर बसणाऱ्या कपलरमध्ये गंज, चॅसिसच्या जोडांवर रंग. तिथून करंट जाईल तरी कसा? त्यामुळे पहिलं काम हे: प्लगमधल्या अर्थच्या पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र तार न्या. डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी, नंबर प्लेटच्या दिव्याचीही. चॅसिसला मध्ये घेऊच नका.

तार कोणती, हे खाऱ्या पाण्यात फार महत्त्वाचं. साधी तांब्याची ऑटो वायर सोलून बघा. वरून लाल-पिवळी छान दिसते, आतून काळी किंवा हिरवट भुकटी झालेली असते. खारं पाणी जोडातून शिरतं आणि तारांच्या मधून इन्सुलेशनच्या आत पुढे पुढे सरकत जातं. टोकाला दोन इंच कापून नवा जोड मारला तर महिन्याभरात तो परत जाणारच. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. जुन्या ट्रेलरला हातभर कापूनही चकाकी मिळाली नाही तर सरळ सगळा हार्नेस, म्हणजे वायरिंगचा पूर्ण जुडगा, टाकून द्या. नवी घ्यायची ती कथिलाचा मुलामा असलेली, दुकानात 'टिन्ड कॉपर' म्हणून मागा. दिव्यांना एक स्क्वेअर एमएम, अर्थला दीड किंवा अडीच. पाच-सात तारा एकत्र असलेली मल्टिकोअर केबल मिळाली तर उत्तम.

जोड जितके कमी तितकं बरं. प्लगपासून दिव्यापर्यंत अखंड तार हा खरा उपाय. जोड द्यावाच लागला तर नीट क्रिंप करा (पकडीने धातूच्या नळीत दाबून बसवा) आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आक्रसणारी नळी, चढवा, म्हणजे तापवल्यावर कडेने गोंद बाहेर आलेला दिसेल. काळी इन्सुलेशन टेप या कामाला शून्य उपयोगाची, उलट पाणी धरून ठेवते. वायर न सोलता चिमटीत दाबायचे निळे-लाल क्लिप कनेक्टरही नकोत. केबल चॅसिसच्या पोकळ पाइपातून नेत असाल तर भोकाला रबरी ग्रोमेट लावा आणि पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला छिद्र आहे का बघा. उंदरांचं मात्र माझ्याकडे औषध नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधला उंदीर खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त वायरी खातो.

आता बाहेरून आणलेल्या ट्रेलरची भानगड. तुमच्या प्लगला चार तारा आहेत म्हणता, म्हणजे अमेरिकन पद्धत: पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. त्या पद्धतीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात, एकाच तारेवर असतात. आपल्याकडे गाड्यांना ब्रेक वेगळा आणि इंडिकेटर वेगळा, तोही अंबर रंगाचा. दोन्हींची सरळ गाठ मारली की ब्रेक दाबताना इंडिकेटर मरतो नाहीतर चारही एकदम लागतात. सिग्नल एकत्र करून देणारा कन्व्हर्टर मिळतो, पण माझं मत विचाराल तर अमेरिकन दिवे काढून आपल्याकडचे तीन कप्प्यांचे बसवा आणि गोल सात पिनचा प्लग लावा. त्यात 1 नंबर डावा इंडिकेटर, पिवळी तार. 3 अर्थ, पांढरी. 4 उजवा इंडिकेटर, हिरवी. 5 उजवी टेल, तपकिरी. 6 ब्रेक, लाल. 7 डावी टेल, काळी. 2 नंबरची निळी मागच्या फॉग लाइटची, नसेल तर मोकळी सोडा. इथेही पिवळी आणि हिरवी आहेच, पण काम वेगळं, तेव्हा रंगावर विसंबून जुन्याला नवं जोडू नका.

आता एलईडी. हो, वायरिंग झाल्यावर जरूर बसवा. साधा बल्ब गरम असताना दिवा खाडीत बुडाला की आतली हवा एकदम थंड होऊन आक्रसते आणि गॅस्केटमधून पाणी आत ओढून घेते. कधी काचच तडकते. चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं तेही याच कारणाने. पूर्ण सील केलेल्या, आतून रेझिनने भरलेल्या एलईडीला ही भीती नाही. आयपी (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) 67 किंवा 68 लिहिलेलं बघा. 65 म्हणजे फक्त फवारा झेलणारी, बुडवायची नाही. तारही कारखान्यातूनच बाहेर आलेली हवी, मागे उघडे स्क्रू नकोत.

खरेदीत एक खड्डा आहे. आपल्या भागात ट्रेलरच्या लाइट म्हटलं की माणूस कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे नाहीतर तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलकडे जातो. तिथला माल मोठ्या ट्रकचा, 24 व्होल्टचा. कारच्या 12 वर तो एकतर मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. '10 ते 30 व्होल्ट' छापलेली मागा किंवा ट्रॅक्टर ट्रॉलीची घ्या, ती 12 व्होल्टची असते.

'एलईडीने इंडिकेटर फास्ट होईल का' असंही विचारलंत. नाही. गाडीचे स्वतःचे बल्ब काढले तर लोड कमी होऊन तो भराभर लागतो; इथे तुम्ही लोड वाढवताय. तोटा एवढाच की ट्रेलरचा इंडिकेटर गेला तरी आत बसून कळणार नाही. निघताना मागे जाऊन बघायचं.

गाडी नवीन असेल तर तिच्या टेल लाइटच्या वायरीला दिवे थेट जोडू नका. काही गाड्यांत टेल आणि ब्रेकला एकच एलईडी असते, कंप्युटर ती झपाट्याने चालू-बंद करून मंद ठेवतो. त्या वायरीवर ट्रेलरचा दिवा थरथरतो किंवा डॅशबोर्डवर एरर येतो. अशा वेळी टोइंग मॉड्यूल लावायचं: ते गाडीकडून फक्त इशारा घेतं, करंट मात्र फ्यूजमधून थेट बॅटरीचा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर, तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? दिवे पाण्यात नेलेच नसते. खाडीचा उतार सपाट, गाळाचा. भरती पुरी नसेल तर बोट तरंगायला ट्रेलर चाकं बुडेपर्यंत न्यावाच लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या एका पट्टीवर दोन्ही दिवे आणि प्लेटचा दिवा बसवायचा, लांब केबल, पट्टी मागे दोन पिनांनी अडकवायची. जेटीवर पोचलं की पट्टी काढून डिकीत. युरोपात हे सर्रास चालतं आणि कुठलाही फॅब्रिकेटर तासाभरात बनवून देईल. नंबर प्लेट मात्र ट्रेलरलाच कायम राहू द्या, तिचा दिवा पट्टीवरून तिच्यावर पडेल असा साधा.

दिवे हे चोचले नव्हेत. अष्टमीच्या भांगाला (छोट्या भरती-ओहोटीच्या दिवसांत) आपल्याकडे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास येते, म्हणजे सायन-पनवेल हायवेवर तुमचा ट्रेलर नेमका अंधारात. नियम म्हणतो, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे. बोटीची मोटार पट्टीच्या मागे बरीच बाहेर येत असेल तर तिला लाल रिफ्लेक्टरही बांधा.

फिक्स दिवेच ठेवणार असाल तर उताराला लागण्याआधी प्लग काढा, आणि घरी आल्यावर चॅसिसबरोबर दिव्यांवरही गोड्या पाण्याचा पाइप मारा. प्लगच्या पिनांना पेट्रोलियम जेली.

गाडी कोणती आणि कोणत्या सालची ते लिहिलेलं नाहीत. कमेंटमध्ये टाका, मॉड्यूल लागेल की नुसत्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) भागेल ते सांगतो.