‘बळजबरी केली तर ती आणखी बिथरेल ना?’

“रोज ताटावर रडारड, म्हणून आम्ही बोलणंच सोडलंय. बळजबरी केली तर ती आणखी बिथरेल ना, मॅडम?”

मुलुंडहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार झालेल्या मुलांचे जवळजवळ सगळेच आईवडील तो विचारतात. (तपशील बदलले आहेत.)

पंधरा वर्षांची लेक शेजारीच होती. मे महिन्यातल्या मुंबईत अंगात स्वेटर. चार महिने पाळी नाही. आधी पोळी सुटली, मग भात, मग तेलाचा थेंबही. तरी घरच्यांसाठी केक तीच करायची, तासन् तास रेसिपींचे रील्स बघायची. “खाण्यात एवढा जीव, मग हे नाटकच ना?” वडिलांनी विचारलं.

नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुण एका प्रयोगासाठी सहा महिने अर्धपोटी राहिले. तेही पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. चिडके, उदास, एकलकोंडे झाले. उपाशी मेंदू असाच वागतो. त्यामुळे ‘आधी तिला पटू दे, मग खाईल’ म्हणून थांबलो, तर थांबूनच राहू. आधी पोटात अन्न जायला हवं, पटणं मागून येतं.

माझ्याकडचं समुपदेशन सुरू करण्याआधी मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. नाडी मिनिटाला ४६, फारच मंद! दाखल करावं लागलं. आजी म्हणत होत्या, घरी आणा, तूप-शिरा भरवते. पण फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि जिवावर बेतू शकतं. रक्त तपासत, बेताबेताने वाढवावं लागतं.

घरी आल्यावर खरी लढाई. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात सुरू झालेल्या पद्धतीत जेवणाची सूत्रं काही काळ आईवडील हातात घेतात. काय, किती, कधी, सगळं तेच ठरवतात. आम्ही दिवसातून सहा वेळा खाणं ठरवलं. आईला मी एकच वाक्य दिलं : “हे तुझं औषध आहे, मी इथेच बसलेय.” ओरडायचं नाही, धमकी नाही, कॅलरींवरून वादही नाही. बळजबरी आणि ठामपणा यांत फरक आहे तो हाच.

पहिल्या रात्री वरणभाताला पावणेदोन तास लागले. वाटी भिंतीवर गेली. आईने भिंत पुसली, दुसरी वाटी वाढली. वडील उठून जाणार होते, बसून राहिले. आजींना सगळ्यात जड गेलं. “राहू दे गं, खाल्लं तेवढं पुरे” हे त्यांच्या ओठांवर यायचं, आणि ते मायेपोटीच. पण घरातला एक जण जरी डळमळला, तरी पोरगी तेवढंच धरून बसते.

नातेवाइकांना मात्र हात जोडून सांगते, तिच्या अंगाबद्दल काहीही बोलू नका. हिचं सगळं सुरू झालं एका लग्नात, “अंगाने सुटलीस गं” या वाक्यानंतर. बरं होताना “छान भरलीस” म्हटलेलंही तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं.

डिसेंबरात पाळी आली. वजन सावरलं तसे खाण्याचे निर्णय एकेक करून तिच्याकडे देतोय. शाळेचा डबा आता तीच भरते. पोळीला तूप अजून आई लावते.