आर भाषेतल्या जीजीप्लॉट या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये ठिपके निळे करायला सांगितले तर लाल येतात आणि बाजूला नको असलेला लेजंड (कोणता रंग कशासाठी हे सांगणारी चौकट) उगवतो. ठिपके आणि लेजंड आपल्याला हवे तसे कसे करायचे?

तुम्ही बहुतेक असं लिहिलं असणार:

जिऑम_पॉइंट(एईएस(कलर = "ब्ल्यू"))

लालसर ठिपके आणि शेजारी "ब्ल्यू" असं लिहिलेला लेजंड, ही याची हमखास खूण. एईएस हे डेटातले कॉलम रंग-आकारांना जोडणारं फंक्शन. त्याच्या कंसात जे येईल ते जीजीप्लॉट डेटा समजतो. जीजीप्लॉटच्या लेखी "ब्ल्यू" हा रंग नाहीच, तो प्रत्येक ओळीत एकच शब्द असलेला कॉलम आहे. त्या एकुलत्या गटाला तो आपल्या ठरलेल्या रंगमालेतला पहिला रंग देतो, आणि तो लालसर असतो. गट आला की लेजंडही आलाच. रंग कंसाबाहेर काढा:

जिऑम_पॉइंट(कलर = "ब्ल्यू")

ठिपके निळे होतील आणि लेजंड आपोआप जाईल. आकार, साइझ, पारदर्शकता, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. डेटाप्रमाणे बदलायचं असेल तर एईएसच्या आत कॉलमचं नाव द्या, सरसकट एकच हवं असेल तर बाहेर.

हे नीट बसलं की लेजंडची निम्मी कटकट संपते, कारण जीजीप्लॉटमध्ये लेजंड वेगळा आखायचा नसतोच. तो स्केलमधून, म्हणजे कोणत्या मूल्याला कोणता रंग किंवा आकार हे ठरवणाऱ्या नियमातून, तयार होतो. आरच्या मूळ प्लॉट फंक्शनबरोबर लेजंड हाताने लिहावा लागतो. पीसीएचचे (ठिपक्याच्या आकाराचे) आकडे एकीकडे बदलले आणि दुसरीकडे राहून गेले तर आलेख सरळ खोटं सांगतो आणि एररही येत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी जीजीप्लॉटच्या बाजूचा आहे.

गटांना स्वतःचे रंग द्यायचे तर स्केल_कलर_मॅन्युअल वापरा, पण व्हॅल्यूजमध्ये नुसते रंग टाकू नका, प्रत्येक रंगाला गटाचं नाव जोडा:

व्हॅल्यूज = सी("औषध" = "रेड", "प्लासिबो" = "ग्रे")

नावं नसतील तर रंग गटांच्या क्रमाने वाटले जातात. उद्या फिल्टर लावून पहिला गट गळला की त्याचा रंग दुसऱ्या गटाला जातो, आणि अहवालातल्या दोन आलेखांत एकच रंग दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतो. लेजंडमधला क्रम मात्र फॅक्टरच्या (गटांच्या कॉलमच्या) लेव्हल्सवरून, म्हणजे त्यात गटांचा जो क्रम ठरलेला असतो त्यावरून, ठरतो. तो बदलायचा तर डेटातच बदला.

आता ठिपक्यांचे आकार. ० ते २५ असे क्रमांक आहेत आणि काही न सांगता १९ मिळतो. त्यातल्या २१ ते २५ यांनाच कडेचा रंग वेगळा आणि आतला वेगळा देता येतो: कलर म्हणजे कड, फिल म्हणजे आतला भाग. १९ ठेवून फिल दिलंत तर काहीच फरक पडत नाही, ठिपके काळेच राहतात. बरेच जण इथेच अडकतात.

ठिपके हजारोंनी असले की आपण अल्फा (पारदर्शकता) ०.१ करतो. ठिपक्यांच्या त्या थराची, म्हणजे जिऑम_पॉइंटची, सेटिंग्ज लेजंडमध्येही उतरतात, त्यामुळे तिथले ठिपके इतके फिके होतात की रंग ओळखूच येत नाही. उपाय हा:

गाइड्स(कलर = गाइड_लेजंड(ओव्हरराइड.एईएस = लिस्ट(अल्फा = १, साइझ = ४)))

आलेख तसाच राहतो, फक्त लेजंडमधले ठिपके ठसठशीत होतात. शेप आणि फिल दोन वेगळ्या कॉलमना जोडलेत, तर शेपच्या स्केलमध्ये २१ आणि २४ देऊनही फिलच्या लेजंडमध्ये सगळे ठिपके काळे दिसतात, कारण तिथे अजून १९च वापरला जातो. फिलच्या गाइडमध्ये अशाच पद्धतीने शेप = २१ द्या.

नको असलेला लेजंड काढायचे तीन मार्ग आहेत आणि त्यांत फरक आहे. थरात शो.लेजंड = फॉल्स लिहिलं तर तेवढा थर लेजंडमधून जातो. गाइड्स(साइझ = "नन") लिहिलं तर फक्त साइझचा लेजंड जातो. थीममध्ये लेजंड.पोझिशन = "नन" दिलं तर सगळेच जातात. लोक सवयीने तिसरा वापरतात आणि मग रंगांचा अर्थ वाचकाला कळत नाही. शक्यतो दुसरा वापरा.

कलर आणि शेप एकाच कॉलमला जोडलेत तर दोन्हींचा मिळून एकच लेजंड येतो, आणि तो कृष्णधवल छपाईतही वाचता येतो. मात्र लॅब्जमध्ये (शीर्षकं देणाऱ्या फंक्शनमध्ये) फक्त कलरचं शीर्षक बदललंत तर त्याचे लगेच दोन लेजंड होतात. शीर्षक आणि लेबलं दोन्हीकडे हुबेहूब सारखी ठेवा.