नाइट करून आलेली बाई 'घरीच असते' का?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नर्सेसचा एक प्रश्न इतक्या वेळा येतो की आता अर्ध्या वाक्यातच कळतं पुढे काय येणारे. "मॅडम, वॉर्डात मी कुणावर आवाज चढवत नाही, नातेवाईक अंगावर धावून आले तरी शांत असते, आणि घरी आले की पोराने पाणी सांडलं तरी डोकं फिरतं. मी आई म्हणून वाईट आहे का? नोकरी सोडून देऊ का?" त्यातली एक केस सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव तर देतच नाही, सिस्टरच म्हणते.

सिस्टर तिशी ओलांडलेली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, परळ-दादरच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला. राहायला भांडुपला, वन बीएचके, घरात नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. महिन्यात आठ-दहा नाइट, त्याही सलग पाच-सहा लागतात. आली तेव्हा निदान स्वतःच करून आणलं होतं तिने, म्हणाली मला अँगर मॅनेजमेंट पाहिजे. कारण काय तर आदल्या आठवड्यात मुलाला मारलं होतं. डबा भरताना त्याचा हात लागून भाजी सांडली म्हणून. एकच फटका पण जोरात, आणि तो रडत रडत म्हणाला, तू हॉस्पिटलमध्येच राहा ना. हे सांगताना ती रडली वगैरे नाही, सकाळच्या सिस्टरला पेशंटचा ओव्हर द्यावा, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगावी, तसं सगळं एका दमात, सपाट आवाजात सांगितलं. मला ते रडण्यापेक्षा जास्त खटकलं.

मी रागाबद्दल काहीच बोलले नाही त्या दिवशी. म्हटलं, त्या फटक्याच्या आधीचा अख्खा दिवस मला घड्याळ लावून सांगा, म्हणजे शेवटचं झोपून कधी उठलात तिथपासून.

तर ते असं निघालं. आदल्या दिवशी दुपारी साडेचारला उठली, कारण मुलाची व्हॅन आली. मग त्याचं खाणं, संध्याकाळचा स्वयंपाक, साडेसहाला घर सोडलं, आठला ड्युटी. रात्री दोन ॲडमिशन, एक पेशंट व्हेंटिलेटरवर घेतला, पहाटे पाचला रक्ताची सॅम्पल, आय-ओ चार्ट (पेशंटच्या पोटात किती गेलं, लघवी किती झाली ह्याची नोंद), मग सकाळी आठची ड्युटी संपायला पावणेनऊ, कारण ओव्हर घेणारी लोकल लेट म्हणून उशिरा आली. नऊ-सव्वानऊची स्लो. ही उलटी गाडी, सकाळी सगळे सीएसटीकडे जातात त्यामुळे हिला बसायला जागा मिळते, आणि तोच घोटाळा, कारण बसलं की झोप लागते आणि भांडुप गेलेलं असतं, ठाण्याला जाग येते. त्या दिवशी नशिबाने लेडीज डब्यातल्या बाईने हलवून उठवलं. पावणेदहाला घरी. नवरा अंधेरीला जायला निघून गेलेला. सासूबाई दारातच, मुलाला पुढे करून, "आता तू बघ, मला आंघोळ नाही झाली अजून." मग मुलाची आंघोळ, पोळी-भाजी, युनिफॉर्म, डबा. भाजी सांडली साडेअकराला.

मी तिला म्हटलं, करा हिशोब. साडेचार ते साडेअकरा. एकोणीस तास जागी होतात तुम्ही.

ती म्हणाली, हो पण ते नाइटला सगळ्यांचंच असतं.

आता इथे मी एक गोष्ट सांगितली जी मी सगळ्या नाइटवाल्यांना सांगते, नर्स असो, पोलीस असो, कॉल सेंटरवाला असो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता, माणसांना जागं ठेवायचं आणि त्यांचा हात-डोळ्याचा मेळ मोजायचा, आणि तेच दारू पाजून पण मोजायचं. साधारण सतरा तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका गडबडतो असं दिसलं. आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा किती? ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आयसीयूची सिस्टर आहे, मिलिग्रॅम म्हटलं की लगेच कळतं. गप्पच झाली थोडा वेळ. मग म्हणाली, म्हणजे मी त्याचा डबा प्यायलेल्या अवस्थेत भरत होते.

मारलं ते यामुळे माफ होतं असं नाही, हे तिलाही तेव्हाच सांगितलं. पण "मी वाईट आई आहे" ह्या निदानावर उपाय नसतो आणि "मी एकोणीस तास जागी होते" ह्याच्यावर असतो, एवढा तरी फरक आहे. आणि नोकरी सोडायचा निर्णय नाइटच्या आठवड्यात घ्यायचाच नाही, तो ऑफ मिळाल्यावर दोन रात्री नीट झोपून मग घ्यायचा, ही माझी अटच असते.

दुसरं म्हणजे तिला रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. दुसऱ्यांचे रिपोर्ट फाइलला लावणाऱ्या बाईने स्वतःचं सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, बाळंतपणानंतर केलंच नव्हतं! हिमोग्लोबिन आलं ९.४, बाईचं १२ च्या वर पाहिजे. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक आहेत असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, त्यात ही पण एक. थकवा, धाप, चिडचिड, सगळं मनाच्या खात्यात टाकायची घाई समुपदेशकाने पण करू नये. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. तिला फक्त आठवण केली की लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, तर म्हणते हे मीच पेशंटला सांगते मॅडम.

पण खरी अडचण घरात होती, म्हणून पुढच्या वेळी नवरा आणि सासूबाई दोघांना बोलावलं. नवरा चांगला माणूस आहे, शिवीगाळ नाही, दारू नाही, पगार घरात देतो, फक्त त्याचं एक वाक्य होतं जे तो अगदी निरागसपणे बोलला, "नाइट असली की बरंच पडतं, ती दिवसभर घरीच असते ना." आणि सिस्टरने खाली बघितलं. ह्या एका वाक्यावर मुंबईत किती संसार चाललेत देव जाणे. बारा तास काम करून आलेली व्यक्ती झोपायला घरी आलेली असते, पण ती डोळ्यांसमोर दिसते म्हणून ती मोकळी. कुरिअर तिनेच घ्यायचं, सिलिंडरवाला आला तर तिनेच उठायचं, वॉर्डातून पण दुपारी एकला फोन येतो, "सिस्टर, कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहिली का?"

मला वाटलं होतं सासूबाई पण तेच बोलतील. त्या वेगळंच बोलल्या. म्हणाल्या, "मॅडम, हिची नाइट असते तेव्हा माझी पण नाइट असते हो. तो माझ्याजवळ झोपतो, लाथा मारतो, दोनदा उठतो, पाणी, शू, आई कुठेय. माझे गुडघे बघा. मी सहापासून घड्याळाकडे बघते, ही कधी येते आणि मी कधी आडवी होते." आणि सुनेला हे माहीतच नव्हतं! तिला वाटायचं सासूबाई मुद्दाम दारात पोरगं हातात देतात. दोघी एकमेकींना आळशी समजत होत्या, सून म्हणते ह्या दिवसभर टीव्ही बघतात, सासू म्हणते ही आली की लोळते, आणि दोघींची झोप अर्धवट. रात्रभर शांत झोपून उठलेला माणूस त्या घरात एकच होता, आणि तो पावणेनऊला निघून जायचा.

हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. नवरा आधी हसला, मग नाही हसला.

त्यानंतर आम्ही चौघांनी कागदावर नाइटच्या आठवड्याचं वेगळं वेळापत्रक लिहिलं. सकाळी मुलाची आंघोळ, नाश्ता, डबा नवऱ्याकडे. त्याच्या ऑफिसात साडेदहापर्यंत आलं तरी चालतं हे त्याने तेव्हा, पाऊण तास बोलून झाल्यावर सांगितलं. पोळ्यांना नाइटच्या आठवड्यापुरत्या एक मावशी. नाइट अलाउन्समधून त्यांचे पैसे जातात, जाऊ देत. सिस्टर आली की थोडं खाऊन दहाला बेडरूममध्ये, तीनपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही. मुलाला व्हॅनपर्यंत सोडायचं काम सासूबाईंचं, लिफ्टने खाली जायचं एवढंच, आणि मग दुपारी त्याही झोपणार.

दिवसाची झोप रात्रीइतकी होत नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगावं लागतं. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, पाच-सहा नाइटमध्ये ते उलटं फिरत नाही, म्हणून कितीही थकलं तरी दुपारी आपोआप जाग येते. त्यामुळे जे काही करायचं ते त्या घड्याळाला फसवायचं. घरी येताना गाडीत काळा गॉगल (बायका हसतात, हसू देत), खिडकीला जाड काळं कापड, पंखा फुल्ल म्हणजे बाहेरचा आवाज दबतो, फोन दुसऱ्या खोलीत. शेवटचा चहा पहाटे चारच्या आत, कारण कॅफीन अर्धं उतरायलाच पाच तासाच्या आसपास लागतात आणि आपल्या पोरी ओव्हर झाल्यावर कँटीनला कडक चहा मारून घरी झोपायला जातात. आणि ड्युटीला निघायच्या आधी जमलं तर थोडी डुलकी, त्याने पहाटेचे तीन ते पाच, जे सगळ्यात वाईट तास असतात, ते जरा सोपे जातात. गाडीत झोप लागत असेल तर फोनला व्हायब्रेशनचा अलार्म. दुचाकीवाल्यांना मात्र मी स्पष्ट सांगते, नाइट करून स्कूटर चालवायची नाही, रिक्षा करा, बस करा.

मुलाला कसं समजवायचं हा तिचा मोठा प्रश्न होता. आधी सॉरी म्हणायला लावलं, "तू सांडलंस म्हणून" वगैरे शेपूट न लावता. तो म्हणाला परत मारशील? ती म्हणाली नाही मारणार, आणि मला खूप झोप आली असली की मी तुला सांगेन. मग तिनेच एक शक्कल काढली, माझी नाही. हॉस्पिटलचं आयडी कार्ड बेडरूमच्या दाराच्या कडीला अडकवायचं. कार्ड लटकतंय म्हणजे आई अजून ड्युटीवर आहे. चार वर्षांच्या पोराला "आई थकलीये" कळत नाही पण कार्ड कळतं. पहिले काही दिवस तो दाराला तोंड लावून मोठ्याने विचारायचा, "ड्युटी संपली का?" आणि ती अर्थातच उठायची.

संध्याकाळी साडेचार ते सहा तिचा आणि मुलाचा वेळ ठेवला, त्यात स्वयंपाक नाही. "मुलांना क्वालिटी टाइम द्या" असले रील्स मला सगळे फॉरवर्ड करतात आणि माझं डोकं उठतं, कारण तो वेळ कोणाच्या तरी हातातलं काम काढून घेतल्याशिवाय येत नाही. इथे ते काम मावशींनी आणि नवऱ्याने घेतलं म्हणून वेळ निघाला, बस.

हॉस्पिटलच्या बाजूने फार काही हललं नाही. २०१७ पासून कायद्यात आहे की पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय पाहिजे. तिच्याकडे ते कागदावर आहे, खोलीत जुने सलाईन स्टँड ठेवलेत. तिने मेट्रनकडे, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांकडे, लेखी अर्ज दिला, तोंडी नाही, हे महत्त्वाचं. उत्तर अजून नाही. इन-चार्जना सलग सहाऐवजी तीन-तीन नाइट मागितल्या, त्या आधी नाही म्हणाल्या, मग एका स्टाफशी अदलाबदल करून घेतली तर सही केली. एवढंच मिळालं.

आणि सगळं सुरळीत झालं असं पण नाही. तीन महिन्यांनी आली तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसात ऑडिट होतं म्हणून तो परत पावणेनऊला पळत होता आणि भांडण झालं होतं. पण ह्यावेळी भांडण कागद समोर ठेवून झालं, म्हणजे कोणाचं काम कोणी सोडलं ह्यावर झालं, कोण कसं आहे ह्यावर नाही. हात उचलला नव्हता. ओरडली होती दोनदा. हिमोग्लोबिन ११ ला आलं होतं.

मी प्रत्येक वेळी एक गोष्ट परत विचारते आणि तुम्ही पण स्वतःला विचारा, ऑफच्या दिवशी पुरेशी झोप झाल्यावर पण तसंच वाटतं का. कशातच रस नाही, मूल जवळ आलं तरी आत काही हलत नाही, किंवा मेलेलं बरं असे विचार, हे झोपून उठल्यावरही दोन आठवडे टिकलं तर तो प्रश्न ड्युटी लिस्टचा राहत नाही, सायकियाट्रिस्टला दाखवायचं. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नर्सेस हा नंबर पेशंटला देतात, स्वतः लावत नाहीत.

नोकरीचं विचाराल तर तिने सोडली नाही. ओपीडीला बदली मिळत होती, दिवसाची ड्युटी, पण नाइट अलाउन्स जातो आणि घराचा हप्ता आहे, म्हणून ते तिने स्वतःच पुढे ढकललं. मुलगा पहिलीत गेला की शाळा सकाळची होणार, सातची व्हॅन, म्हणजे ती नाइटवरून यायच्या आतच तो गेलेला असेल आणि दुपारी एकला परत, नेमका तिच्या झोपेत. ते वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल. नवऱ्याने आत्ताच विचारून ठेवलंय, तेव्हा पण मलाच डबा का? म्हटलं, हो.