हॉट रॉड रस्त्यावर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

हॉट रॉड म्हणजे जुन्या धाटणीची, ताकदवान इंजिन घालून स्वतः बांधलेली गाडी. या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच टप्प्यावरचे आहेत. गाडी बांधून झाली, इंजिन सुरू झाले, पण रस्त्यावर ती हवी तशी चालत नाही. उत्तरांत एक गोष्ट वारंवार येईल. पाना हातात घेण्याआधी दोष कशाबरोबर बदलतो ते बघा: गाडीच्या वेगाबरोबर, इंजिनाच्या आरपीएमबरोबर, ब्रेकबरोबर की तापमानाबरोबर. आणि एका फेरीत एकच बदल करा. दोन बदल केले आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळायला मार्ग उरत नाही.

प्रश्न: १९३२ च्या फोर्डच्या धाटणीचा रोडस्टर बांधला आहे. चॅसी नवी, इंजिन शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक ३५०, मागच्या एक्सलमध्ये क्राउन-पिनियन (चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी) नवे. आधी रंग द्यावा की आधी चाचणी घ्यावी? आणि चाचणीची सुरुवात कशी करावी?

रंग शेवटी. चाचणीत हमखास काही ना काही निघते. सायलेन्सरचा पाइप चॅसीला घासतो, ब्रेकचा पाइप हलवावा लागतो, शॉकअपचे ब्रॅकेट कापून दोन बोटे पुढे वेल्ड करावे लागते. रंगवलेल्या चॅसीवर ही कामे करायला हात धजत नाही आणि मग चुकीची गोष्ट तशीच राहून जाते. निदान ८०० ते १,००० किलोमीटर गाडी प्रायमरवर चालवा. प्रायमर मात्र इपॉक्सीच घ्या. साधा प्रायमर ओलावा शोषतो आणि त्याच्याखाली पत्रा गंजतो.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क पान्याने आवळा आणि नटावरून बोल्टवर रंगीत पेनाने एक सरळ रेघ ओढा. स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड, शॅकल (पाट्याच्या टोकाचे झुलते दुवे), यू-बोल्ट, क्रॉसचे (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचे) पट्टे, ब्रेक कॅलिपर, इंजिन माउंटिंग, यांतले काही सोडू नका. पुढे प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली दिवा घेऊन गेलात की मोडलेली रेघ पाच मिनिटांत दिसते.

इंजिनात फ्लॅट टॅपेटचा (सपाट, रोलर नसलेल्या टॅपेटचा) नवा कॅमशाफ्ट असेल तर तेलपंप ड्रिलने फिरवून आधी प्रेशर आणा. मग इंजिन सुरू होताच ते २,००० ते २,५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटे ठेवा, आणि तेल जस्ताचे प्रमाण जास्त असलेलेच वापरा. आयडलवर कॅमला उडून पोचणारे तेल कमी पडते आणि लोब (कॅमचा उंचवटा) पहिल्याच दिवशी झिजतो. रोलर कॅम असेल तर याची गरज नाही. गरम इंजिनात दर १,००० आरपीएममागे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) तेलाचे प्रेशर पुरेसे समजावे.

पहिली फेरी बंद आवारात, ताशी ३० च्या आत. तिथे फक्त ब्रेक, स्टिअरिंग परत सरळ येते का, आणि गळती बघायची. अग्निशामक नळकांडे हाताशी हवेच. नोंदणी आणि विमा झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर जाऊ नका. त्यानंतर १५-२० मिनिटांची सौम्य फेरी मारून गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि हेच आणखी दोन-तीनदा करा. नव्या क्राउन-पिनियनच्या दात्यांना हे तापणे-निवणे लागते. पहिल्याच दिवशी लांब पल्ला मारला तर तेल जळते आणि दाते कायमचे आवाज करू लागतात. ८०० किलोमीटरनंतर एक्सलचे तेल बदला. चाकांचे नट ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कवर आवळा. नव्या रिमवरचा रंग नटाखाली दबतो, म्हणून ते ढिले पडतात.

प्रश्न: पुढे आय-बीम एक्सल, आडवा पाटा, फोर-बार (एक्सल चॅसीला जोडणारे चार रॉड) आणि क्रॉस-स्टिअर (स्टिअरिंगचा दांडा गाडीला आडवा जाणारी रचना) आहे. ताशी ६० च्या सुमाराला खड्डा लागला की पुढची चाके जोरात थरथरतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. वेग अगदी कमी केला तरच थांबते. चाके बॅलन्स करून झाली. स्टिअरिंग डँपर बसवू का?

आत्ता नको. डँपर थरथर दाबतो, कारण तसेच ठेवतो, आणि ढिला झालेला भाग त्याच्या आड झिजत राहतो. गाडी नीट झाल्यावर हवा तर लावा. तोवर ताशी ४० च्या वर नेऊ नका.

सुरुवात ढिलेपणापासून करा. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन टायर वरून आणि खालून धरून हलवा. प्ले लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिले आहे, राहिला तर किंगपिन (ज्याभोवती पुढचे चाक वळते तो खुंटा) किंवा त्याचे बुश. एक्सलच्या डोळ्यात किंगपिनच हलत असेल तर लॉक पिन तपासा. मग चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर बोट ठेवावे. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला लागतो. स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर जिथे बसवला आहे ती पट्टी वाकत नाही ना, हेही याच वेळी कळते.

सगळे घट्ट निघाले तर कॅस्टर मोजा. अशा एक्सलला ५ ते ७ अंश पॉझिटिव्ह कॅस्टर लागतो, म्हणजे किंगपिनचा वरचा भाग तेवढा मागे झुकलेला असावा. घरी बांधलेल्या गाडीत चूक बहुधा इथेच असते. बांधताना चॅसी स्टँडवर सपाट असते आणि कॅस्टर चॅसीच्या रेलवरून बघून ६ अंश लावला जातो. नंतर मागे मोठी आणि पुढे लहान चाके बसतात, चॅसी पुढे झुकते, आणि जितके अंश ती झुकते तितके अंश कॅस्टर कमी होतो. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच, म्हणजे सुमारे २,६९० मिलिमीटर. एवढ्या लांबीत मागची बाजू ९४ मिलिमीटर वर असेल तर ते २ अंश झाले. म्हणून कॅस्टर मोजायचा तो गाडी तयार, टाकी भरलेली, सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना, आणि अँगल गेज किंगपिनच्या बॉसवर ठेवून.

वाढवायचा असेल तर फोर-बारचे वरचे रॉड आखूड करा किंवा खालचे लांब करा, दोन्ही बाजूंना सारख्याच फेऱ्या देऊन. रॉडच्या जाडीच्या दीडपट तरी आटा आत राहिला पाहिजे. त्यानंतर दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजून घ्या. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. कॅस्टर बदलला की टो-इनही (चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणे) बदलतो, तो शेवटी १.५ ते ३ मिलिमीटरवर आणा.

पॅनहार्ड रॉडचा (एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचा) तुमच्या पत्रात उल्लेख नाही. क्रॉस-स्टिअर आणि शॅकलवरचा आडवा पाटा असेल तर तो हवाच. स्टिअरिंग बॉक्स चॅसीला पक्का असतो, पण एक्सल शॅकलवर डावी-उजवीकडे सरकतो. ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) दृष्टीने हे सरकणे म्हणजे कोणीतरी स्टिअरिंग फिरवल्यासारखेच आहे. खड्ड्यानेच थरथर सुरू होते, त्याचे हे एक मोठे कारण असते. पॅनहार्ड रॉड शक्य तितका ड्रॅग लिंकच्याच लांबीचा आणि तिला समांतर बसवा. तसे नसेल तर दोघे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपोआप वळते.

शेवटी टायरची हवा. ही गाडी हलकी आहे. त्याच टायरला जड गाडीत जी हवा सांगतात ती इथे जास्त होते. २६ पीएसआयपासून सुरू करा, टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि गाडी थोडी सरळ चालवा. रेघ मधोमधच पुसली गेली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी.

प्रश्न: ताशी ९० ला सीटखाली घुमल्यासारखे कंपन येते. प्रोपेलर शाफ्ट नवा आणि बॅलन्स केलेला आहे. टायर की शाफ्ट, कसे ओळखावे?

आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर ९० ला गाडी न्यूट्रल करून इंजिन आयडलवर येऊ द्या. कंपन तसेच राहिले तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. उरले शाफ्ट, एक्सल आणि चाके.

आता कंपनाचा ठेका ऐका. टायर ७०० मिलिमीटर व्यासाचा धरला तर ९० ला चाक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरते. ते धडधडीसारखे जाणवते, जवळजवळ मोजता येईल असे. एक्सलचे प्रमाण ३.५ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ४० वेळा फिरतो, आणि क्रॉसचा कोन चुकला असेल तर कंपन त्याच्या दुप्पट ठेक्याने येते. तुम्ही ‘घुमल्यासारखे’ लिहिले आहे, म्हणजे संशय शाफ्टवर आणि त्यातही कोनांवर.

गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट ३ अंश खाली झुकला असेल तर पिनियन ३ अंश वर हवा, म्हणजे दोन्ही समांतर. एक अंशाच्या आत फरक चालेल. प्रत्येक क्रॉसवरचा प्रत्यक्ष कोन १ ते ३ अंश असावा. शून्यही नको, कारण मग बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून खाचा पाडतात. मागे पाटे असतील तर पिनियन या समांतर स्थितीपेक्षा १-२ अंश खाली ठेवा, जोर लावल्यावर तो वर उचलला जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुशाखी टोके) एका रेषेत आहेत हेही बघा. स्प्लाइनवर एक दाता चुकवून बसवलेला शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी कंपन देणारच.

प्रश्न: मास्टर सिलिंडर पायाखाली फ्लोअरच्या खाली आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर पेडल कडक होते आणि पुढचे ब्रेक धरून राहतात. थंड झाले की सुटतात.

ब्रेक धरलेला असतानाच गाडी थांबवून शोधा. थंड झाल्यावर काही सापडणार नाही. पुढचे चाक जॅकवर घ्या. ते फिरत नसेल तर मास्टर सिलिंडरचे माउंटिंग नट सैल करून तो १-२ मिलिमीटर पुढे येऊ द्या. चाक सुटले तर पुशरॉड लांब आहे. सुटले नाही तर मास्टरजवळचा पाइपचा नट थोडा सैल करा (डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी चिंधी हवी). आता सुटले तर दोष मास्टरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी बसवलेल्या व्हॉल्व्हमध्ये. तरीही नाही आणि कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावरच सुटले, तर मधला रबरी होज आतून फुगलेला आहे.

बहुतेक वेळा पुशरॉडच निघतो. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ब्रेक तेलाच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते. तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक स्वतःच लागत जातो. पुशरॉडवर १ ते १.५ मिलिमीटर मोकळीक ठेवा. पेडलचे प्रमाण ६ ला १ असेल तर पायाखाली ती ६ ते ९ मिलिमीटर जाणवेल. पेडल स्वतःच्या स्टॉपवर टेकले पाहिजे, पिस्टनवर नव्हे.

मास्टर कॅलिपरच्या खालच्या पातळीवर असल्याने रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपमध्ये थोडे प्रेशर राखणारे) लागतात. डिस्कला २ पीएसआयचा, ड्रमला १० चा. अदलाबदल झाली तर पुढे नेमका तुमचाच दोष दिसतो, म्हणून व्हॉल्व्हवरचा आकडा एकदा वाचा. सायलेन्सरचा पाइप मास्टरजवळून जात असेल तर मध्ये पत्र्याची आड लावा.

प्रश्न: गर्दीत तापमानाचा काटा १०५ अंशांवर जातो, मोकळ्या रस्त्यावर ८५ ला येतो. मोठा रेडिएटर घ्यावा का?

नाही. वेगात थंड राहते म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे. कमी वेगात हवा कमी पडते. पूर्ण जाळी झाकणारा श्राउड (पंख्याभोवतीचे आवरण) लावा, पंख्याची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावीत, आणि पंखा जाळीपासून साधारण २५ मिलिमीटरवर. मग ठिणगीचे टायमिंग बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचे तोंड बंद करून ३,००० आरपीएमला एकूण ३४ ते ३६ अंश हवेत. नंतर नळी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला जोडा, म्हणजे आयडलला ॲडव्हान्स वाढून इंजिन कमी तापते. आयडल पुन्हा लावून घ्या. काट्यावर विश्वास ठेवण्याआधी थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पडताळा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली की अर्थिंग तुटते आणि काटा खोटे सांगतो.

प्रश्न: तापलेली गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही. कार्ब्युरेटर बदलून पाहिला, फरक नाही.

स्टार्टर फिरतो का, हे आधी सांगता आले पाहिजे. फिरतच नसेल किंवा रखडत असेल तर कार्ब्युरेटरचा संबंध नाही. स्टार्ट करताना बॅटरीच्या प्लस टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत मल्टिमीटर लावा, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर केबल बारीक आहे किंवा जोड खराब आहे. हीच मोजणी इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतही करा. बॅटरी मागे डिकीत असेल तर दोष बहुधा इथे निघतो. शिवाय हेडरचा (एक्झॉस्टचा) पाइप स्टार्टरच्या अगदी जवळ असेल तर उष्णतारोधक आवरण घाला.

स्टार्टर चांगला फिरत असेल तर कार्ब्युरेटरच्या बाउलमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरते आहे. त्या वेळी ॲक्सिलरेटर पंप करू नका, तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्ट करा. कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखाली अर्ध्या इंचाचा फिनॉलिक (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसर आणि हेडरपासून लांब नेलेली पेट्रोलची लाइन. स्पेसरने कार्ब्युरेटर वर येतो, तेव्हा एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना, ते ब्लू-टॅकचा गोळा वर चिकटवून बॉनेट बंद करून बघा. आणि पेट्रोलचे प्रेशर मोजा. बहुतेक चार बॅरलच्या कार्ब्युरेटरना ५ ते ६ पीएसआय पुरते, पण जुन्या स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटरला २.५ ते ३ च्या वर दिले तर पेट्रोल अडवणारी सुई दाबाखाली उघडते आणि गाडी थंड असतानाही पेट्रोल सांडते.