वाचकांचे प्रश्न : रोजची प्रार्थना आणि वचनाचे मनन

या वेळी आलेली बहुतेक पत्रे वैयक्तिक प्रार्थना आणि बायबलवाचन यांविषयीची आहेत. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण इतर अनेक प्रश्न त्यातूनच निघालेले आहेत.

प्रश्न : मी रोज सकाळी आधी प्रार्थना करते आणि मग बायबलचा एक अध्याय वाचते. प्रार्थनेला बसताच मन दिवसाच्या कामांकडे धावते, आणि तोंडातून रोज तेच ते शब्द निघतात. अध्याय वाचून होतो, पण पुस्तक मिटल्यावर काय वाचले ते आठवत नाही. माझे नेमके काय चुकते?

उत्तर : आपण दोन तक्रारी मांडल्या आहेत, पण मला त्या दोन वाटत नाहीत. आपले वाचन आणि आपली प्रार्थना एकमेकांच्या शेजारी असूनही एकमेकांना भेटत नाहीत, एवढीच खरी अडचण आहे. प्रार्थनेला वचनाचा आधार मिळत नाही म्हणून ती त्याच त्या शब्दांत फिरत राहते. आणि वाचलेल्याला प्रार्थनेत उत्तर दिले जात नाही म्हणून ते मनात ठरत नाही. म्हणून क्रम बदलून पाहा : आधी वचन, मग प्रार्थना. देवाने आधी बोलावे आणि आपण त्याला उत्तर द्यावे, हीच पवित्र शास्त्रातील रीत आहे.

ब्रिस्टल येथे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर यांचा या बाबतीतील अनुभव आपल्या अनुभवाशी फार जुळतो. पूर्वी ते सकाळी उठल्यावर थेट प्रार्थनेला बसत, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे, कधी कधी तर अर्धा तास, मन भटकत राही, असे त्यांनी १८४१ साली लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी आधी वचन वाचून त्यावर मनन करायला सुरुवात केली. तेव्हा थोड्याच वेळात मन आपोआप उपकारस्तुतीकडे, पापकबुलीकडे किंवा विनंतीकडे वळू लागले. आपल्या आत्म्याचे पोषण व्हावे, हे त्यांनी दिवसाचे पहिले काम मानले, आणि ज्यांच्यावर शेकडो मुलांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी येऊन पडली त्या माणसाने हे म्हणावे, याला मी फार महत्त्व देतो.

आता मनन कसे करावे? जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांचा न्हावी पेटर याने त्यांना हेच विचारले होते, आणि लूथर यांनी १५३५ साली त्याला पत्ररूपाने एक छोटी पुस्तिका लिहून दिली. चांगल्या न्हाव्याचे मन आणि डोळे वस्तऱ्यावर असतात, तो गप्पांत रंगला तर गिऱ्हाइकाचे नाक कापले जाईल, तसेच प्रार्थनेचेही आहे, असे त्यांनी त्याला त्याच्याच धंद्यातले उदाहरण दिले. पण केवळ ‘लक्ष द्या’ म्हणून ते थांबले नाहीत. लक्ष कशावर द्यायचे तेही त्यांनी सांगितले. दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञा घेऊन ते तिला चार बाजूंनी पाहत : ती मला काय शिकवते, तिच्याबद्दल मी कशाचे आभार मानावेत, तिच्यासमोर मला काय कबूल करावे लागते, आणि तिच्या आधारे मी काय मागावे.

ही पद्धत कोणत्याही उताऱ्याला लावता येते. मार्कच्या सुवर्तमानातील दहाव्या अध्यायाची शेवटची सात वचने घ्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय येशूला हाका मारतो; लोक त्याला गप्प बसवतात, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलावून घेतो. बार्तीमय आपले वस्त्र टाकून उठतो, आणि येशू त्याला विचारतो : मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? हा उतारा सावकाश, शक्य असल्यास ओठांनी उच्चारून, दोनदा वाचा. मग त्याच अध्यायात थोडे मागे जाऊन छत्तिसावे वचन पाहा. हाच प्रश्न येशूने याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना, दोघा भावांनाही, विचारला आहे, आणि त्यांनी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागितल्या आहेत. शिष्यांनी मान मागितला, भिकाऱ्याने दृष्टी मागितली. प्रश्न एकच होता.

येथे शिकवण अशी की येशू आपल्या मनातले जाणत असूनही आपल्या तोंडून ते ऐकू इच्छितो. आभार याचे, की क्रुसाकडे निघालेला तो वाटेवरच्या एका हाकेसाठी थांबला. कबुली देताना प्रत्येकाला स्वतःकडे पाहावे लागेल : माझी मागणी त्या दोघा भावांसारखी आहे का? गर्दीच्या दटावण्यामुळे मी हाक मारणे सोडून दिले आहे का? की दुसऱ्या कोणाला गप्प बसवणाऱ्यांत मीच उभी आहे? आणि मग विनंती. त्या दिवशी ‘मी तुझ्यासाठी काय करावे?’ या प्रश्नाला आपण जे उत्तर द्याल तीच आपली प्रार्थना, आणि ती कालच्या प्रार्थनेसारखी असणार नाही. दिवसाची कामेही तेथेच मांडावीत, म्हणजे ती प्रार्थनेच्या आड न येता तिचाच विषय होतात.

चारही बाजू रोज पूर्ण झाल्याच पाहिजेत असे नाही. एखाद्याच विचाराने मन भरून आले तर बाकीचे सोडून द्यावे आणि तेथे शांतपणे ऐकावे, असे लूथर यांनी स्वतःच सांगितले आहे. एका वहीत दररोज एक वाक्य लिहून ठेवलेत तर आठवणीचा प्रश्नही बराच सुटेल.

प्रश्न : वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा संकल्प केला होता. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचलो आणि थांबलो. आता तीन आठवडे मागे पडलो आहे. राहिलेले भरून काढावे की नव्याने सुरुवात करावी?

उत्तर : दोन्ही नको. मागची बाकी सोडून द्या आणि आज वाचायला बसा. सहासष्ट पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत; वर्षात संपवायचे तर दिवसाला तीन ते चार अध्याय होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय या वेगाने साधारण महिनाभरात संपतात, आणि नव्या संकल्पाचा पहिला उत्साह ओसरण्याच्या सुमारास समोर लेवीयातील अर्पणांचे नियम येतात. असंख्य वाचक नेमके तेथेच थांबतात, तेव्हा आपल्या श्रद्धेत काही उणे आहे असे मानू नका.

बायबल एका वर्षात वाचा, अशी आज्ञा बायबलात कोठेही नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी एक वाचनयोजना तयार केली, तीत जुना करार वर्षातून एकदा, आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. ती आजही जगभर वापरली जाते. पण योजना हाती देतानाच त्यांनी तिचे धोकेही सांगितले होते : वाचन केवळ उपचार बनणे, नेम पाळल्याबद्दल स्वतःला नीतिमान समजणे, घाईने व निष्काळजीपणे वाचणे, आणि न पेलणारे जू मानेवर घेणे. योजनेच्या कर्त्यानेच आधी दिलेला हा इशारा योजनेइतकाच जपून ठेवण्याजोगा आहे.

माझा सल्ला असा की सध्या मार्कचे सुवर्तमान घ्यावे. त्याचे सोळाच अध्याय आहेत आणि कथन वेगवान आहे. त्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र ठेवावे. लेवीय मात्र कायमचे टाकू नका. त्याचा एकोणिसावा अध्याय उघडून पाहा : शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडून द्या, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. येशूने उच्चारलेली ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा मूळची याच अध्यायातली आहे. पुढे कधीतरी, या अर्पणांचा अर्थ उलगडणाऱ्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्राबरोबर लेवीय वाचलेत, तर अर्पणांचे अध्यायही बोलू लागतील.

प्रश्न : मी परिचारिका आहे. आठवड्यातून काही दिवस रात्रपाळी असते. पहाटेची प्रार्थना हीच खरी प्रार्थना, असे लहानपणापासून ऐकत आले आहे. मला ती जमत नाही याची सतत टोचणी लागते.

उत्तर : येशू पहाटे, अजून अंधार असताना, उठून एकांतात गेला हे मार्क सांगतो, आणि त्या प्रसंगाचे महत्त्व मला कमी करायचे नाही. पण पाच हजारांना भोजन दिल्यावर तो संध्याकाळी डोंगरावर एकटा प्रार्थना करत होता, आणि बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी तर त्याने सारी रात्र प्रार्थनेत घालवली. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पेत्र भर दुपारी धाब्यावर प्रार्थनेला गेला होता. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गात होते. तेव्हा घड्याळातील कोणतीही वेळ देवाला परकी नाही.

नेम मात्र हवा, आणि आपल्यासारखीच्या बाबतीत तो घड्याळाऐवजी एखाद्या कामाला बांधावा. पाळी कोणतीही असो, झोपून उठल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे वचनासाठी, असे ठरवावे. ते उठणे दुपारी तीनचे असले तरी तीच आपली सकाळ. कामावर असताना एकच वचन मनात धरून ठेवा आणि एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे जाताना त्या वचनाच्या आधारे एका वाक्यात त्या माणसासाठी मागा. ‘निरंतर प्रार्थना करा’ या पौलाच्या शब्दांचे आचरण आपल्या हातून कदाचित पहाटे उठणाऱ्या अनेकांपेक्षा अधिक होत असेल. टोचणी सोडून द्या. आपण जागता तेव्हा इतरांना झोप मिळते, हीदेखील सेवा आहे.

प्रश्न : पुस्तकातील छापील प्रार्थना म्हणणे कमी प्रतीचे आहे का?

उत्तर : नाही. शिष्यांनी ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकव’ म्हटले तेव्हा येशूने त्यांना शब्दच दिले. क्रुसावरही त्याच्या ओठी बाविसाव्या आणि एकतिसाव्या स्तोत्रांतील ओळी होत्या. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ साली इंग्लंडसाठी जी प्रार्थनाविधी तयार केली, तीत सकाळ-संध्याकाळ मिळून महिन्याभरात सर्व १५० स्तोत्रे म्हटली जावीत अशी विभागणी होती, आणि त्या शब्दांवर कितीतरी पिढ्या वाढल्या. येशूने निषेध केला तो निरर्थक बडबडीचा, आणि ती छापील शब्दांनी होते तशीच स्वतःच्या शब्दांनीही होते. दिलेली प्रार्थना सावकाश म्हणा आणि एखाद्या ओळीपाशी थांबून स्वतःचे बोला. ‘आमचे ऋण आम्हांस सोड’ या ओळीपाशी ज्यांना क्षमा करायची आहे त्यांचे नाव घ्यायला वेळ लागतोच.

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. त्यांच्या आजारात मी फार प्रार्थना केली होती. आता बायबल उघडवत नाही. उघडले तरी स्तुतीची वचने वाचवत नाहीत. हे पाप आहे का?

उत्तर : नाही, पाप नाही. आपल्या दुःखात मी सहभागी आहे, आणि स्तुतीची वचने आज बळेच वाचू नका असेच मी म्हणेन. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडा. त्यात रात्रंदिवस देवाला हाक मारणारा माणूस आहे. ‘तू मला का टाकतोस, आपले मुख माझ्यापासून का लपवतोस’ असे तो देवालाच विचारतो, आणि स्तोत्र अंधाराच्याच उल्लेखाने संपते. शेवटी आशेची ओळ जोडून कोणी ते गोड केलेले नाही. देवाने असे स्तोत्र आपल्या वचनात राहू दिले, याचा अर्थ आपण आज जे बोलू इच्छिता ते त्याच्यासमोर बोलता येते.

तेही जमत नसेल तर काहीच म्हणू नका, नुसते बसा. प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील वचन अशाच दिवसांसाठी आहे. आपल्या विश्वासातील एखाद्या व्यक्तीला सांगा की, ‘काही दिवस तुम्ही माझ्यासाठी वाचा, मी ऐकेन.’ चौघांनी उचलून आणलेल्या पक्षाघाती माणसाला येशूने परत पाठवले नाही. उलट, आणणाऱ्यांचा विश्वास त्याने पाहिला.

प्रश्न : मोबाइलवर बायबल वाचले तर चालेल का?

उत्तर : चालेल. फक्त सूचना बंद ठेवा आणि शक्य असेल तर सकाळच्या मननासाठी छापील प्रतच घ्या. एका पडद्यावर वचन आणि बातम्या एकत्र असल्या की बोट कोठे वळते हे आपण जाणताच. प्रवासात श्राव्य बायबलचा मोठा उपयोग होतो. आरंभीच्या मंडळ्यांतील बहुतेकांनी वचन डोळ्यांनी वाचले नव्हते, ते कानांनीच ऐकले होते.

प्रश्न : घरच्या सायंप्रार्थनेत मुले चुळबुळ करतात, मोठा मुलगा तर टाळतोच. सक्ती करावी का?

उत्तर : आधी प्रार्थना किती वेळ चालते ते पाहा. वडीलधाऱ्यांची लांबलेली प्रार्थना हे बहुतेक घरांतील मुलांच्या कंटाळ्याचे कारण असते, आणि तिच्यात मुलांच्या चुकांची यादी आली की मुले मनाने उठूनच जातात. दहा मिनिटे पुरेत : सुवर्तमानातील एक प्रसंग, त्यावर मुलांचा एखादा प्रश्न, प्रत्येकाची एक विनंती, आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मोठ्या मुलाला ऐकणारा म्हणून बसवण्याऐवजी वाचणारा करा. उतारा त्याला निवडू द्या, आणि त्याने शंका काढली तर ती तेथेच मोडून न काढता त्याच्याबरोबर शोधा. ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी रागावून त्याचे नाव प्रार्थनेत घेऊ नका. आठवड्यातून दोन दिवस तो स्वतःहून बसला, तरी सध्या तेवढ्यावर समाधान माना.